गोठ्यावरची गॅसबत्ती

सायकलच्या दुकानात पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं असतं. आमची गॅसबत्ती पहिल्यांदा पाण्यात गेली ती अशाच एका घमेल्यात. वरची छत्री, काच, आतली नळी असं सगळं सोडवून नुसती पितळी टाकी बुडवली होती. नळीच्या भोकाला बोल्ट, पंपाला नवं कातडी वायसर. पंपाचे आठ-दहा दट्टे झाले आणि टाकीच्या खांद्यापाशी, जिथं पत्रा आत वळतो तिथं, मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं वर येऊ लागले. दुकानदार वाकून बघत म्हणाला, "मामा, एका जागेहून नाही, रांगेनं निघायली हवा." टाकी पुसून उन्हात धरली तेव्हा केसाएवढी रेघ दिसली. तिच्या शेजारी दुसरी. ठोका नाही, पोचा नाही, गंजही नाही. पितळ आपणहून चिरलं होतं.

बत्ती सिद्धेश्वरच्या आजोळची. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णेवरच्या धरणामुळे ज्याचं नाव बाहेरच्यांना ठाऊक आहे, ते सिद्धेश्वर. वाड्यातल्या माळवदाखाली बळदात जागा उरली नाही म्हणून कुणीतरी ती गोठ्याच्या आढ्याला टांगली आणि विसरलं. पुढं बैल विकले, गोठा राहिला, बत्तीही राहिली. खाली तीसेक वर्षं गोमूत्र मुरलेली जमीन होती. घरातल्यांना वाटलं, उंच टांगली म्हणजे सुरक्षित आहे. नेमकं तिथंच बिघडलं.

ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेला हे दुखणं फार आधी भेटलं होतं. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना गळ्यापाशी चिरा पडत. इंग्रजांनी त्याला ऋतूचंच नाव दिलं. खरं कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा हा त्याचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे पत्रा दाबून घडवताना पितळात कोंडून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून चीर पळते. नुसत्या अमोनियानं ती पडत नाही, नुसत्या ताणानंही नाही. उपाय साधा निघाला: घडवल्यावर पितळ बेतानं तापवून ताण सोडवायचा. आमच्या टाकीच्या वळणातला ताण कुणी सोडवला होता की नाही, कोण जाणे. गोठ्यानं मात्र आपलं काम चोख केलं होतं.

म्हणून जुनी बत्ती हाती आली की आधी घासायला बसू नये, असं माझं ठाम मत झालंय. लोक पहिल्या दिवशी तिला आरशासारखी करतात, फोटो काढतात आणि मग ती पेटत का नाही म्हणून विचारतात. शिवाय धातू चकाकवायच्या काही द्रावणांत अमोनियाच असतो. म्हणजे दुखण्यालाच औषध समजून चोळायचं. चिंच बरी. तिच्यातल्या आंबटानं पितळावरचा काळा थर सुटतो, पाण्यानं धुतली की गोष्ट संपली. पण तेही शेवटी. आधी हवा बघायची.

कारण हा दिवा हवेवर चालतो. कंदिलात वात रॉकेल ओढते आणि वातीच्या टोकाशी ज्योत जळते. आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलानं कित्येक घरांत उजेड दिला, तो या जातीचा. गॅसबत्तीला वात नाही आणि खरं म्हणजे गॅसही नाही. टाकीत हवा दाबून भरली की ती रॉकेलाला नळीतून वर ढकलते. नळीचा वरचा भाग तापलेला असतो, तिथं रॉकेलाची वाफ होते. ती वाफ निप्पलच्या केसाएवढ्या भोकातून वेगानं सुटते, समोरच्या वाकड्या नळीत शिरताना भोवतालची हवा सोबत ओढून घेते, आणि हे मिश्रण खाली चिनी मातीच्या तोंडातून मेंटलमध्ये, म्हणजे उजेड देणाऱ्या जाळीत, येऊन जळतं. जळणाऱ्या मेंटलची आच पुन्हा नळीला लागते, नवं रॉकेल वाफ होतं. एकदा गाडी चालू लागली की स्वतःचं इंधन स्वतःच शिजवत राहते. सुरुवातीला मात्र बाहेरून ऊब द्यावी लागते. त्यासाठी नळीभोवतीच्या वाटीत स्पिरिट जाळायचं. खेड्यात स्पिरिट नसलं की स्टोव्हचा काकडा कामाला येई. इथं घाई केली, की वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर येतं, भप्पकन भडका उडतो आणि छत्री काळी होते. आमची छत्री आतून काळीच होती. घरात घाई करणारं कोण होतं, यावर मामा आणि मावशीचं अजून एकमत नाही.

पेट्रोमॅक्स हे नाव बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीच्या माक्स ग्रेट्झ यांचं: पेट्रोलियममधला पेट्रो आणि त्यांचा माक्स. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून हे दिवे जगभर गेले, त्यांच्या नकला निघाल्या, आणि पुढे कुठल्याही छापाच्या बत्तीला लोक पेट्रोमॅक्स म्हणू लागले. आमच्या टाकीवरचा छाप घासून गेलाय. ती जर्मन असावी असं घरात सांगतात. भारतात जुन्या वस्तू बहुधा जर्मनच असतात.

उजेड ज्यातून येतो ते मेंटल ही ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची करामत. पहिलं पेटंट १८८५ चं, पण त्याचा उजेड हिरवट आणि मेंटल ठिसूळ. १८९१ च्या सुमारास त्यांना नेमकं प्रमाण सापडलं: ९९ भाग थोरियम ऑक्साईड, १ भाग सेरियम ऑक्साईड. कापडाची जाळी या क्षारांत भिजवून वाळवतात. बत्तीला बांधून पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि मागे राखेचा, कापडाच्याच विणीचा, सांगाडा उरतो. उजेड देतो तो हा सांगाडा. बोट लागलं की संपला. म्हणून पेटलेली बत्ती चालताना हिंदकळू द्यायची नाही.

हे थोरियम कुठून येई? एके काळी जगाच्या मेंटलचा मोठा वाटा त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून गेला. १९०९ मध्ये शोमबर्ग नावाच्या जर्मनाला तिथून आलेल्या काथ्याला चिकटलेले पिवळट कण दिसले. ते मोनाझाइट, म्हणजे थोरियम असलेलं खनिज, निघालं. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना सुरू झाला आणि तिथलं थोरियम नायट्रेट मेंटल बनवणाऱ्यांकडे जाऊ लागलं. ज्या धातूकडे अणुशक्तीवाले उद्याचं इंधन म्हणून बघत होते, तो औंढ्याच्या लग्नात वरातीपुढं जळत होता. थोरियम किंचित किरणोत्सर्गी असतं, म्हणून जुन्या मेंटलची राख फुंकर मारून उडवू नये. ओल्या फडक्यानं टिपावी.

वरातीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बत्त्यांची रांग डोक्यावर घेऊन चालणारी माणसं जुन्या फोटोंत दिसतात, पण चेहरे ओळखू येत नाहीत. त्याचं कारण बत्तीच्या घडणीत आहे. मेंटल वर, टाकी खाली. टाकीची सावली बरोबर खालच्या माणसावर पडते. नवरदेव, घोडा, ताशेवाले उजळून निघतात आणि ज्याच्या डोक्यावर उजेड आहे तो काळोखात. त्या डोक्यावर टाकीचं वजन, वरून आच, वाटेत थांबून पंप मारायचा तोही त्यानंच. हे काम कोणत्या वस्त्यांतल्या लोकांकडे येई, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. बत्तीच्या आठवणी काढताना तमाशाचा फड, सप्ताहाचं कीर्तन, मृगाच्या पावसात ओढ्याला खेकडे धरायला जाणं असं सगळं गोड गोड येतं; हा भाग गळतो.

१९६८ मध्ये पूर्णा प्रकल्प उभा राहिला. वर येलदरीला धरण आणि साडेबावीस मेगावॅटचं वीजघर, खाली सिद्धेश्वरला सहा किलोमीटरांहून लांब मातीचा बांध. येलदरीत वीज करून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरात अडतं आणि तिथून कालव्याला लागतं. म्हणजे बत्तीला घरी बसवणारं पाणी आमच्या गावाच्या उशालाच. पण बत्ती काही लगेच निवृत्त झाली नाही. तारा आल्या तरी वीज टिकेना, आणि लोडशेडिंगच्या वर्षांत तिचे दिवस पुन्हा आले. शेवटी तिला मारलं ते चार्जिंगच्या दिव्यांनी आणि रॉकेलानं. रेशनचं निळं रॉकेल हळूहळू आटलं, आता लिटरभर मिळवायला ओळख लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी गॅसबत्तीच्याच तत्त्वावर 'नूरी' नावाचा दिवा घडवला होता, रॉकेलाशिवाय डिझेलवर आणि अल्कोहोलवरही चालणारा. चांगला विचार होता. एलईडी त्याहून वेगानं आला.

आता दुरुस्ती. चिरा पडलेल्या टाकीला कथलाचा डाख देता येतो आणि देणारेही भेटले. मी दिला नाही. एक चीर बुजवली तरी शेजारची उद्या पुढं सरकणार, आणि आत दाबलेलं रॉकेल, वर आग. हिंगोलीच्या एका भंगारवाल्याकडे पितळेच्या भावानं, किलोवर, दुसरी टाकी मिळाली; ती आधी घमेल्यात घातली, मग पैसे दिले. पंपाच्या वायसरला एरंडेल पाजून रात्रभर ठेवलं, कातडं मऊ झालं की ते नळकांड्याला गच्च बसतं. पंपाच्या बुडाशी हवा परत येऊ न देणारी छोटी झडप असते, तिच्यातला रबराचा दाणा दगड झाला होता, तो बदलला. नळी टाकीला जिथं बसते तिथं शिशाचं वायसर. निप्पलचं भोक साफ करणारी पिन बत्तीच्या आतच असते आणि बाहेरच्या चावीनं वर-खाली होते, ती वाकली होती. शेवटी निप्पल आणि वाकड्या नळीचं तोंड यांतलं अंतर: साधारण १४ मिलिमीटर. कमी झालं तर हवा पुरत नाही, उजेड पिवळा आणि मेंटलवर काजळी. जास्त झालं तर बत्ती नुसती फुरफुरते. मी यात दोन संध्याकाळी घालवल्या, कारण बत्तीचा सांगाडा वाकलेला आहे हे लक्षातच आलं नव्हतं.

तिसऱ्या संध्याकाळी अंगणात पेटली. स्पिरिटची निळी ज्योत विझत आली तशी चावी फिरवली, आधी खोकल्यासारखा आवाज, मग सूंऽऽ असा एकसुरी. मेंटल पांढरं झालं आणि समोरची भिंत इतकी उजळली की तिच्यावरचे पोपडे मोजता यावेत. दहा मिनिटांत किडे आले. मावशीनं खुर्ची लांब सरकवली आणि हा आवाज आपल्याला कधीच आवडला नव्हता, असं सांगितलं.

हवेचा काटा मात्र शून्यावरच आहे. आतली पितळी नळी ताठर झालीय, ती उघडून नीट होत नाही आणि नवा काटा मिळाला नाही. तेव्हा मामा जुन्या पद्धतीनं चालवतात: उजेड जरा तांबूस झाला की वीस दट्टे, आणि परत पांढरा होईपर्यंत काट्याकडे बघायचं नाही.