आमिषाची पारख

नवी मुंबईत बेलापूरच्या शेजारी, खाडीच्या काठी, दिवाळे नावाचे कोळ्यांचे गाव आहे. एका बाजूस उंच इमारती व दुसऱ्या बाजूस ओहोटीच्या चिखलात टेकलेल्या होड्या, असे त्याचे रूप आहे. येथील कोळी मुख्यतः जाळ्याने मासे धरतात. परंतु गळाने मासे धरण्याची रीतही खाडीकाठी फार जुनी आहे. कोकणात तिला ‘गरवणे’ म्हणतात. गळ, दोरी आणि आमिष एवढेच तिचे साहित्य. गळ व दोरी बाजारात मिळतात. आमिष मात्र बुद्धीने निवडावे लागते. ते कसे निवडतात?

आपल्या खाड्यांतील तीन मासे घेऊ. जिताडा हा शिकारी मासा. तो खडकाच्या किंवा तिवरांच्या मुळांच्या आडोशाला दबा धरून राहतो आणि भक्ष्य जवळ येताच आपले मोठे तोंड उघडून ते गिळतो. त्याला जिवंत, हालणारी कोळंबी लावावी. बोईचे तोंड अगदी लहान. ती चिखलावरचे शेवाळ व कुजलेल्या पाल्याचे कण खाते. मोठी कोळंबी तिच्या काय उपयोगाची? तिच्यासाठी कणकेची बारीक गोळी हवी. शिंगाळ्याला तोंडापाशी मिशा असतात. गढूळ पाण्यात तो वासाने व स्पर्शाने अन्न शोधतो. म्हणून त्याच्या गळाला उग्र वासाचा माशाचा तुकडा लावतात. पाणी एकच, पण आमिषे तीन!

आता खाडी सोडून थंड डोंगरी नदीकडे जाऊ. तेथे ट्राउट नावाचा मासा राहतो. त्याला थंड, वाहते व स्वच्छ पाणी लागते. म्हणून कोकणात तो आढळत नाही. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली त्याची अंडी काश्मीरमध्ये उबवण्यात आली आणि तेथील नद्यांत हा परदेशी मासा स्थायिक झाला. पाण्यातील व पाण्यावर पडणारे कीटक हे त्याचे आवडते खाद्य होय. पण हे कीटक इतके नाजूक असतात, की गळाला लावताच चुरगळून जातात. मग काय करावे?

यावर माणसाने फार पूर्वी तोड काढली. सुमारे १८०० वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळीत आणि तिला कोंबड्याची दोन पिसे बांधीत. मासा त्यालाच माशी समजून झडप घाली. अशी कृत्रिम माशी आजही गळावर दोरा, पिसे व केस बांधून करतात.

परंतु कोणतीही माशी कोणत्याही वेळी चालत नाही. मेफ्लाय नावाच्या कीटकाचे उदाहरण पाहा. त्याचे बहुतेक आयुष्य पंखांवाचून, नदीच्या तळाशी, दगडांखाली जाते. पुढे तो पाण्यावर येतो. त्याला पंख फुटतात आणि थोड्याच काळात तो मरतो. ट्राउट तळाशी चरत असेल, तर बुडणारी, बिनपंखांची माशी हवी. तो वर येऊन पाण्यावरचे कीटक टिपत असेल, तर तरंगणारी हवी. म्हणून जाणता मनुष्य प्रथम गळ टाकीत नाही. तो काठावर बसून पाण्याकडे पाहतो, एखादा दगड उलटून त्याखालचे कीटक न्याहाळतो आणि मग त्याच आकाराची व रंगाची माशी निवडतो.

आपल्या जिताड्यालाही कृत्रिम आमिषाने फसवता येते. ऑस्ट्रेलियात या माशाला बॅरामुंडी म्हणतात. तेथे लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा लहान मासा दोरीने ओढतात. तो डुलत जातो व पाण्यात कंप उठतात. माशाच्या दोन्ही कुशींवर एक संवेदनशील रेषा असते. तिच्या योगाने गढूळ पाण्यातही त्याला ही हालचाल कळते. म्हणजे स्वच्छ नदीत रूप महत्त्वाचे, तर गढूळ खाडीत हालचाल व वास महत्त्वाचे.

तात्पर्य, आमिष निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात: मासा काय खातो, कोठे खातो आणि अन्न कसे ओळखतो. स्वतःला काय आवडते, हा विचार तेथे कामाचा नाही.

याहून मोठी गोष्ट अशी, की खोटे आमिष चालते ते खरे अन्न पाण्यात असते म्हणूनच. नदी घाण झाली, की मेफ्लायसारखे कीटक आधी नाहीसे होतात. शास्त्रज्ञ अशा कीटकांवरूनच पाण्याची शुद्धता ताडतात. खाडीत तिवरांच्या मुळांशी कोळंबीची व माशांची पिले वाढतात. तिवरे तोडली आणि खाडीत सांडपाणी सोडले, तर कोळंबी राहणार नाही, जिताडा राहणार नाही आणि दिवाळ्याच्या कोळ्याचा गळ कितीही कुशलतेने बांधलेला असला, तरी रिकामाच वर येईल.