ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांची निर्धोक जोडणी

ध्वनिमुद्रित बोली वर्गाला ऐकविणे, शब्दांच्या जोड्या श्रोत्यांपुढे ठेवून त्यांची श्रवणचाचणी घेणे, हे भाषाविज्ञानाच्या अभ्यासात आता नित्याचे झाले आहे. मात्र मुद्रणाच्या शुद्धतेविषयी जेवढी दक्षता घेतली जाते तेवढी ते ऐकविणाऱ्या साधनांच्या जोडणीविषयी घेतली जात नाही. ही जोडणी चुकली तर यंत्र जळते, प्रसंगी माणसाच्या जिवावर बेतते. आणि यापैकी काही घडले नाही तरी श्रोत्याच्या कानी पडणारा ध्वनी मूळचा राहीलच असे नाही. या दोन्ही प्रकारच्या धोक्यांचे विवेचन येथे केले आहे.

प्रथम संज्ञा निश्चित करणे इष्ट होय. ‘ध्वनिवर्धक’ व ‘ध्वनिक्षेपक’ हे शब्द व्यवहारात माइक, अॅम्प्लिफायर आणि लाऊडस्पीकर यांसाठी सरमिसळ वापरले जातात. प्रस्तुत लेखात ‘वर्धक’ म्हणजे अॅम्प्लिफायर असाच अर्थ अभिप्रेत आहे.

स्पीकरच्या मागील बाजूस ४, ६ किंवा ८ ओहम असा आकडा छापलेला असतो. तो त्याचा संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा अडथळा, दर्शवितो. हा आकडा नाममात्र समजावा. कारण कंप्रतेनुसार प्रत्यक्ष संरोध कमीअधिक होतो. वर्धकावरही तो किमान किती ओहमचा भार पेलू शकतो हे नमूद असते. भाराचा संरोध त्याहून कमी असता कामा नये, हा या विषयातील मूलभूत नियम होय. त्याचे कारण ओहम याने १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतात सापडते. वर्धक २० व्होल्ट दाब देत असता ८ ओहमच्या स्पीकरमधून २.५ अँपिअर प्रवाह वाहतो व ५० वॅट शक्ती खर्ची पडते. तोच स्पीकर ४ ओहमचा असेल तर प्रवाह ५ अँपिअर व शक्ती १०० वॅट होते. म्हणजे संरोधाचा आकडा लहान, तर वर्धकावरील ताण मोठा.

८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार ४ ओहमचा होतो. तीन जोडले तर सुमारे २.७ ओहमचा, आणि हा अनेक वर्धकांना पेलत नाही. तेच दोन एकसर जोडले तर भार १६ ओहमचा होतो. सभागृहात असे चार स्पीकर लावावयाचे असल्यास दोन-दोन एकसर जोडून त्या दोन जोड्या समांतर लावाव्यात, म्हणजे एकूण भार पुन्हा ८ ओहमच राहतो. जुन्या व्हॉल्व्हच्या वर्धकाची गोष्ट मात्र निराळी. तो स्पीकरवाचून चालविल्यास त्याच्या निर्गम ट्रान्सफॉर्मरमध्ये अतिउच्च दाब निर्माण होऊन त्याचे निरोधन फुटण्याचा संभव असतो.

तारेलाही रोध असतो. १० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन २० मीटर तांबे लागते. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीत पाव ओहमहून किंचित कमी भरतो. निम्म्या छेदाच्या तारेचा त्याच्या दुप्पट. तारेचे सुटे धागे पिळून बसवावेत, कारण शेजारच्या अग्राला टेकलेला एक धागाही वर्धक निकामी करू शकतो. आधुनिक वर्धकांपैकी अनेकांत स्पीकरचे ऋण अग्र भूमीशी जोडलेले नसते. सबब दोन बाजूंची ऋण अग्रे परस्परांना कधीही जोडू नयेत. धन अग्र धन अग्राला व ऋण अग्र ऋण अग्राला हा क्रम एका स्पीकरवर उलटला, तर एकाचा शंकू पुढे येत असता दुसऱ्याचा मागे जातो, आणि मंद्र ध्वनी परस्परांना क्षीण करतात.

भारतातील विद्युत्पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. वर्धकाला तीन पिनांचा प्लग असल्यास तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, हा जीवरक्षणाचा मार्ग होय. घरघर ऐकू येते म्हणून ही पिन तोडण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य आहे. आत बिघाड झाला तर वर्धकाचा धातूचा सांगाडाच विद्युत्भारित होऊ शकतो. अशी घरघर बहुधा वर्धक व लॅपटॉप निरनिराळ्या ठिकाणच्या सॉकेटांवर लावल्याने उद्भवते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्यावीत. तेवढ्याने न भागल्यास संकेतवाहक तारेत विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावा. प्लग काढल्यावरही वर्धकातील धारित्रांत भार काही काळ साठून राहतो, म्हणून पेटी उघडण्याचे काम तंत्रज्ञावरच सोपवावे.

सर्व जोडण्या वीज बंद असतानाच कराव्यात. सुरू करताना आवाजाची कळ शून्यावर ठेवून आधी मुद्रण ऐकविणारे यंत्र व शेवटी वर्धक. बंद करताना प्रथम वर्धक. हा क्रम उलटल्यास स्पीकरला जबर धक्का बसतो.

आता दुसऱ्या, मूक धोक्याचा विचार. वर्धकाकडून त्याच्या कुवतीपलीकडे आवाज मागितला की तरंगांचे माथे छाटले जातात. छाटणीतून मुळात नसलेल्या उच्च कंप्रता निर्माण होतात. त्यांनी उच्चस्वरी स्पीकर जळतो, आणि संशोधनही दूषित होते. लिक्लायडर व पोलॅक यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले की, माथे पूर्णतः छाटलेले भाषणही बव्हंशी समजते. विद्यार्थी फसतो तो येथेच. शब्द कळतो म्हणून ध्वनीही शुद्ध आहे असे तो गृहीत धरतो. परंतु ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील तालव्य व दंततालव्य भेद मुख्यत्वे घर्षणाच्या उच्च कंप्रतांत वसतो. आणि छाटणीने उपजलेले उपरे ध्वनी नेमक्या त्याच पट्ट्यात मिसळतात. अशा वेळी श्रोत्याने दिलेला निर्णय त्या बोलीविषयीचा मानावा की वर्धकाविषयीचा, हे सांगता येत नाही.

म्हणून श्रवणचाचणीच्या नोंदीत वर्धक, स्पीकरचा संरोध, जोडणीचा प्रकार आणि आवाजाच्या कळीची स्थिती यांचा उल्लेख असावा. जळलेले यंत्र आपला दोष स्वतःच सांगते. न जळता ध्वनी बिघडविणारी जोडणी मात्र अशा नोंदीवाचून उघडकीस येत नाही.