'तू' कुणाला म्हणायचं?

इंदूरच्या आमच्या ऑफिसात अमेरिकन क्लायंटच्या व्हाइस प्रेसिडेंटलाही आम्ही नावानेच हाक मारतो. तिथे 'सर' म्हटलं तर टीममधले हसतात. पण पन्नाशीचे हाउसकीपिंगवाले काका पाण्याची बाटली ठेवताना पंचविशीच्या पोरांना 'सर' म्हणतात, आणि ती पोरं त्यांना म्हणतात, "सुन, इधर भी पोंछ दे."

मराठीत आईलाही 'तू', विठ्ठलालाही 'तू'. त्यामुळे कामवाल्या मावशींना 'तू' म्हटलं की आपण त्याला आपुलकी म्हणतो. असेलही. पण मावशी उलट आपल्याला 'तू' म्हणू शकतात का? आई म्हणते, मित्र म्हणतो. एकाच बाजूने चालणारं 'तू' म्हणजे जवळीक नव्हे.

इंदूर-ग्वाल्हेरकडे आपल्या जिभेला हिंदीच्याही तीन पायऱ्या मिळतात: बँकेच्या मॅनेजरला 'आप', रिक्षावाल्याला 'तुम', चौकीदाराला 'तू'. इथे वय बघितलं जात नाही, कपडे बघितले जातात. आमच्या बिल्डिंगमधली चार-पाच वर्षांची मुलं शेजारच्या आजोबांना 'आप' म्हणतात आणि त्याच वयाच्या चौकीदाराला 'तू'. हे त्यांना कुणी बसवून शिकवलेलं नाही.

'तुम्ही' म्हटल्याने मावशींचा पगार वाढत नाही, हे मान्य. पण ज्यांना रोज 'ए, तू' ऐकावं लागतं, त्यांना पगाराचा विषय काढणंही जड जातं. आम्ही सुट्टीचा मेल टाकून मोकळे होतो. मावशी मात्र एका दिवसाच्या सुट्टीसाठी दारात उभ्या राहून आधी मुलाचा ताप सांगतात, मग नवऱ्याचा, आणि सुट्टीचं शेवटी.