कळ दाबताना कळ का येते?

काही महिन्यांपूर्वी अंबरनाथच्या एका भगिनी दवाखान्यात आल्या. वय बेचाळीसच्या आसपास. घरी बसून संगणकावर बिलांच्या नोंदी भरण्याचे काम त्या करतात, तेही बरेचसे रात्री, मुले झोपल्यावर. म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री दोन-अडीचला उजव्या हाताला अशा मुंग्या येतात की उठून हात झटकावा लागतो. मुलगा म्हणतो, भारीतला, आवाज न करणारा की-बोर्ड घे, आराम पडेल. काही हजारांचा आहे. घेऊ का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातील घरोघरी आता कोणी ना कोणी संगणकावर बोटे चालवीत असते. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

प्रथम की-बोर्डचे पाहू. नेहमीच्या स्वस्त की-बोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली रबराची एक छोटी वाटी असते. कळ दाबली की वाटी खचते आणि तिच्याखालचे प्लॅस्टिकचे दोन पातळ पडदे एकमेकांना टेकतात. तेव्हा कोठे अक्षर उमटते. म्हणजे कळ तळापर्यंत न्यावीच लागते. रबर जुने झाले की काही कळा घट्ट होतात, काही ढिल्या पडतात.

महाग की-बोर्डमध्ये, ज्याला मेकॅनिकल म्हणतात, प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असते. कळ एकूण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण निम्म्या वाटेवरच, म्हणजे २ मिलिमीटरच्या आसपास उमटते. मऊ प्रकारच्या कळीला सुमारे ४५ ग्रॅम वजनाइतका दाब पुरतो. आवाज न करणाऱ्या जातीत कळीच्या आतील दांडीला रबराची छोटी गादी बसवलेली असते. त्यामुळे कळ तळाला टेकताना आणि परत वर येताना होणारी टकटक दबते. जपानी बनावटीच्या काही की-बोर्डमध्ये रबराची वाटी आणि शंकूच्या आकाराची स्प्रिंग दोन्ही असतात, आणि कळ तळाला टेकण्यापूर्वीच संगणक ती ओळखतो. बोटांना त्याचा स्पर्श फार मऊ लागतो.

पण खरी गोम पुढे आहे. टंकलेखन करणाऱ्यांच्या बोटांचा जोर मोजला, तेव्हा कळीला जेवढा दाब लागतो त्याच्या अडीच ते जवळजवळ चौपट जोर माणसे लावतात असे आढळले. म्हणजे कळ कितीही मऊ असली तरी आपण तिच्यावर घण घालत असू, तर पैसे वाया गेले. मऊ की-बोर्डवर हलके बोट ठेवण्याची सवय मुद्दाम करावी लागते. आवाज आला नाही म्हणजे कळ लागली नाही, असे वाटून काही जण सुरुवातीला उलट अधिक जोर लावतात. त्यांनी नजर पडद्यावर ठेवावी आणि कानांवर विसंबू नये.

ज्यांनी पूर्वी टंकलेखनाचा क्लास केला आहे त्यांना आठवत असेल, यंत्रांच्या खडखडाटात शिक्षक ओरडून सांगत, "मनगट टेकवू नका!" गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र आणले, आणि पुढे कित्येक पिढ्यांची बोटे त्यावर घडली. त्या कळांना आजच्यापेक्षा पुष्कळच अधिक जोर लागे. तरीही त्या यंत्रात एक गुण होता. प्रत्येक ओळ संपली की हात उचलून गाडा मागे सारावा लागे, कागद संपला की नवा घालावा लागे. हातांना आपोआप विसावा मिळे. संगणकाने हा विसावा काढून घेतला. मनगट अधांतरी सरळ ठेवण्याचा त्या शिक्षकांचा नियम मात्र वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर आहे.

आता मनगटाच्या आत काय घडते ते पाहू. तळहाताच्या बाजूला, मनगटाच्या हाडांमध्ये आणि त्यांवर ताणलेल्या एका जाड पट्ट्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नावाची एक नस जाते. बोगद्यात सूज आली की नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. त्रास रात्री वाढतो आणि हात झटकला की बरे वाटते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

हा विकार टायपिंगनेच होतो असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. की-बोर्डशी त्याचा संबंध कच्चा आहे. जोर लावून, मूठ आवळून, थरथरणाऱ्या यंत्रावर केलेल्या कामाशी तो पक्का आहे. म्हणून उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात जाड कापड ओढत शिवणारा कारागीर किंवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडर धरणारा कामगार याच्या हाताला संगणकावरच्या कारकुनापेक्षा धोका अधिक असतो. शिवाय मधुमेह, थायरॉईडची कमतरता, गरोदरपण, संधिवात आणि लठ्ठपणा ही कारणे आहेतच. स्त्रियांमध्ये हा विकार पुरुषांपेक्षा जास्त आढळतो.

१९९९ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड रेम्पेल आणि सहकाऱ्यांनी हाताची तक्रार असलेल्या २० जणांना दोन प्रकारचे की-बोर्ड दिले. कळांच्या दाबाची घडण तेवढी वेगळी होती. १२ आठवड्यांनंतर एका प्रकारचा की-बोर्ड वापरणाऱ्यांचे दुखणे कमी झाले. पण नसेची विद्युत् तपासणी केली, तेव्हा नसेत सुधारणा दिसली नाही. प्रयोग लहान आहे, पण त्याचा बोध मोठा आहे. चांगला की-बोर्ड बोटांना सुख देतो. दबलेली नस तो सोडवत नाही.

आता त्या भगिनींकडे वळतो. येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. याच तक्रारीसाठी त्या पूर्वी दोनदा आल्या होत्या. मी टायपिंगवर खापर फोडून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या खेपेस रात्री हात झटकण्याची गोष्ट त्या बोलल्या, तेव्हा माझे डोळे उघडले. दोन्ही मनगटे मिनिटभर वाकवून धरायला सांगितली. अर्ध्या मिनिटात मुंग्या आल्या. विचारल्यावर कळले की वजन वाढले आहे, थंडी सोसत नाही, केस गळतात. रक्त तपासले तर थायरॉईड कमी निघाले. गोळी सुरू केली, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. तीन महिन्यांत रात्रीची झोप परत आली. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा अजून भरलेला होता हे नशीब. तेथील स्नायू एकदा झिजला की पुढे शस्त्रक्रिया करूनही पूर्वीसारखा भरेलच असे नाही.

आणि की-बोर्ड? तो त्यांनी घेतला. मी नको म्हटले नाही. दोन खोल्यांच्या घरात रात्री पती आणि मुले शेजारीच झोपलेली असताना टकटक न होणे हीही एक गरजच आहे.

घेताना एक पाहावे. आकड्यांचे काम असेल तरच १०४ कळांचा पूर्ण आकाराचा की-बोर्ड घ्यावा. उजवीकडच्या आकड्यांच्या कळांमुळे माउस दूर जातो, हात बाहेर ताणून राहतो आणि खांदा भरून येतो. आकडे क्वचितच लागत असतील तर आखूड की-बोर्ड बरा.

की-बोर्ड कोणताही असो, पुढील गोष्टी फुकट आहेत. कोपर टेबलाच्या उंचीला येईल असे बसावे. की-बोर्डच्या मागचे पाय मिटून ठेवावेत, म्हणजे मनगट मागे वाकत नाही. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करताना ख, घ यांसारख्या अक्षरांना शिफ्टची कळ लागते. ही व्यंजने उजव्या हाताखाली असतात, म्हणून शिफ्ट डाव्या करंगळीने दाबावी. एकाच हाताने दोन्ही कळा दाबताना पंजा फाकतो. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे हात मोकळे सोडावेत. हा विसावा मोबाईल पाहण्यात घालवू नये. बदलापूर लोकलमध्ये एका हाताने कडी घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तासभर मोबाईल चालवला, तर हाताला सुट्टी कधी मिळणार?

मुंग्या करंगळीत येत असतील तर नस बहुधा कोपरापाशी दाबली जात असते. दोन्ही हातापायांना मुंग्या असतील तर साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासावे, विशेषतः शाकाहारी मंडळींनी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी. एका बाजूचा हात अचानक बधिर किंवा लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी दवाखाना उघडण्याची वाट न पाहता ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

मुंग्या दोन-तीन आठवडे टिकल्या, हातातून वस्तू निसटू लागली, गुंडी लावता येईना, तर दुखणे अंगावर काढू नये. की-बोर्डच्या दुकानात जरूर जावे, पण त्याआधी आपल्या डॉक्टरांकडे जावे. आणि रात्री हात झटकावा लागतो, हे त्यांना न विसरता सांगावे. डॉक्टरही कधीकधी विचारायचे विसरतात.