चिंचोक्यांचं पोकर

अळणावरहून हल्याळमार्गे दांडेलीकडे निघालं की जंगलात बेहड्याची झाडं भेटतात. हिवाळ्यात झाडाखाली करड्या-तपकिरी, लव असलेल्या फळांचा सडा पडतो. आपल्या घरात बेहडा असतो तो त्रिफळा चूर्णापुरता. वेदकाळात मात्र याच फळांचे फासे होते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात हरलेला जुगारी जे अक्ष आठवून तळमळतो, ते हेच. आणि खेळात सुधारणा कशी होते, याची आपल्याकडची एक फार जुनी गोष्टही बेहड्याच्याच झाडाखाली घडते.

महाभारताच्या वनपर्वात कली अंगात शिरलेला नळ राजा भाऊ पुष्कराशी द्यूत खेळून राज्य घालवतो. महिनोन्‌महिने खेळतो आणि हरत जातो. पुढे बाहुक नाव घेऊन तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ धावत असताना ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघतो आणि दोन फांद्यांवर 2095 फळं आहेत, असं सांगतो. नळ काय करतो? रथ थांबवतो, झाड पाडतो आणि फळं मोजतो. आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची आणि मोजणीची विद्या देतो आणि बदल्यात अश्वहृदय घेतो. ती विद्या मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. संभाव्यतेच्या शास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग या कॅनडाच्या तत्त्वज्ञानेही 1975 च्या आपल्या पुस्तकात या प्रसंगाची दखल घेतली आहे.

पोकर सुधारायचं कसं, असं तरुण मुलं विचारतात तेव्हा मला हीच गोष्ट सांगावीशी वाटते. नळ जास्त खेळून सुधारला नाही. तो थांबला, मोजलं, पडताळून पाहिलं, आणि मग त्याच्या अंगातून कली गेला.

आमच्या भागात पत्ते घराघरात आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत झब्बू आणि बदाम सात, थोडं मोठं झालं की मेंढीकोट आणि रमी, गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती. पोकर आलं ते मोबाइलवरून आणि रेल्वेवरून. अळणावर हे हुबळी-वास्को मार्गावरचं जंक्शन. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत गाडी गोव्यात उतरते, आणि पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं उभी असतात. हुबळीत इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा हा खेळ मित्रांकडून शिकून आला. गेल्या वर्षभरापासून रविवारी दुपारी आमच्या पडवीत चटई पसरली जाते. पैसे नाहीत. प्रत्येकाला शंभर चिंचोके.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. तीन पत्तीवाला पोकर शिकायला बसला की त्याला आधी काही गोष्टी विसराव्या लागतात. तीन पत्तीत सीक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये उलट, फ्लश (आपला कलर) स्ट्रेटच्या (सीक्वेन्सच्या) वर. हे कुणाच्या लहरीनं ठरलेलं नाही. तीन पानांचे एकूण 22,100 हात होतात. त्यांत नुसते कलर 1096 आणि नुसते सीक्वेन्स 720, म्हणून दुर्मीळ सीक्वेन्स मोठा. पाच पानांत फ्लश 5108 आणि स्ट्रेट 10,200, म्हणून फ्लश मोठा. हे सांगितल्यावर भाच्याचा एक मित्र म्हणाला, "म्हणजे पाठ करायचं काहीच नाही की काका, मोजलं की कळतं." मला वाटतं, त्याचं शिक्षण त्या क्षणी सुरू झालं.

पोकरचा जो प्रकार सगळीकडे खेळला जातो त्यात प्रत्येकाला दोन पानं गुप्त मिळतात आणि पाच पानं सगळ्यांची म्हणून मध्ये उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. दोन पानांच्या जोड्या 1326. हातात दोन एक्के येण्याचं प्रमाण 221 हातांमागे एकदा. एवढ्या क्वचित येणाऱ्या पानांची वाट बघत बसणं हा खेळ नव्हे, हे या एका आकड्यावरून समजतं.

आता एक हात जवळून बघू. तुमच्याकडे बदामची नव्वी आणि छक्की आहे. मध्ये उघडली बदामचा राजा, बदामची चव्वी आणि इस्पिकची राणी. बदामची चार पानं झाली, पाचवं आलं की फ्लश. मध्ये शंभर चिंचोके आहेत आणि समोरच्यानं पन्नास लावले. आता पन्नास घालायचे की पॅक करायचं?

न दिसलेली पानं 47. त्यांत बदाम 9. पुढच्या एका पानात बदाम येण्याची शक्यता सुमारे 19 टक्के. तुम्ही पन्नास घालणार, तेव्हा मध्ये एकूण दोनशे होणार. म्हणजे चार वेळांत एकदा, 25 टक्के वेळा जिंकलात तरच हिशेब जुळतो. 19 कमी पडतात. समोरच्याकडे अजून चिंचोके असतील आणि फ्लश आल्यावर ते निघतील अशी खात्री नसेल, तर पॅक करणं बरं. पण समोरच्यानं लावलेले पन्नास हे त्याचे शेवटचे असतील, तर पुढे आणखी बोली होणार नाही आणि त्याच पैशात तुम्हाला दोन पानं बघायला मिळतात. दोन पानांत बदाम येण्याची शक्यता 35 टक्के. आता हात सोडणं चूक.

पानं तीच, मधले चिंचोके तेवढेच, उत्तर वेगळं. हा हिशेब आमच्या पोरांनी तीन रविवार घेऊन घोटला. चटकन करायची एक युक्तीही आहे: हवी असलेली पानं मोजा, एक पान यायचं असेल तर दोनानं गुणा, दोन यायची असतील तर चारानं. नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस. पाढे येणाऱ्याला पोकरचं अर्धं गणित येतं.

पुस्तकं आहेत. डेव्हिड स्क्लान्स्कीचं 1987 चं 'द थिअरी ऑफ पोकर' अजून वाचलं जातं. अमेरिकेतल्या एमआयटीनं 2015 मध्ये घेतलेल्या पोकरच्या अभ्यासवर्गाची व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत. आपल्याकडे कोळिकोडच्या आयआयएमनंही पोकरच्या आधारे स्पर्धात्मक व्यूहरचना शिकवली. वाचावं, ऐकावं. पण पुस्तकातला हात आणि आपण स्वतः घाबरून खेळलेला हात यांत फरक असतो, आणि शिकायचं असतं ते या दुसऱ्या हाताकडून.

म्हणून वही. माझा सगळ्यात जास्त भर वहीवर आहे.

भाचा एका दुपारी दोन एक्के घेऊन हरला. समोर दोन राजे होते. पानं उघडायच्या आधीच त्यानं सगळे चिंचोके लावले होते, आणि तिसरा राजा शेवटच्या पानावर आला. "मामा, पानंच लागत नाहीत बघ," म्हणून तो पुढचे चार हात वाटेल तसे खेळला आणि उरलेसुरले घालवून बसला. रात्री वहीत लिहायला बसवलं. दोन एक्के दोन राजांना सुमारे 82 टक्के वेळा हरवतात. म्हणजे साधारण साडेपाच वेळांत एकदा हरणारच. त्या हातात त्याचं काहीही चुकलं नव्हतं. चुकले ते पुढचे चार हात, आणि ते त्याला आठवतसुद्धा नव्हते. पोकरवाले या अवस्थेला टिल्ट म्हणतात. आपल्याकडे तिला कली म्हणण्याची सोय आहे.

आमच्या वहीची पद्धत अशी. डाव्या पानावर पाच गोष्टी: हातात काय होतं, बोलण्याची पाळी आधी होती की शेवटी, मध्ये किती चिंचोके होते, समोरच्याकडे काय असेल असं तेव्हा वाटलं, आणि आपण काय केलं व का केलं. जिंकलो की हरलो हे पान उलटून मागे लिहायचं. दुसऱ्या दिवशी आधी डावं पान वाचून निर्णय बरोबर की चूक ते ठरवायचं, मगच पान उलटायचं. निकाल आधी दिसला की बुद्धी त्याच्या मागे धावते. हरलो म्हणजे चुकलो, जिंकलो म्हणजे हुशार. अ‍ॅनी ड्यूक ही पोकर खेळाडू, जिचं शिक्षण मानसशास्त्रातलं, तिनं 2018 च्या 'थिंकिंग इन बेट्स' या पुस्तकात याच खोडीवर बोट ठेवलं आहे. पत्त्यांपुरतीच ही खोड असती तर मी इतकं लिहिलं नसतं.

"समोरच्याकडे काय असेल" हा रकाना सुरुवातीला सगळे चुकीचा भरतात. "त्याच्याकडे राणीची जोडी होती" असं एकच उत्तर लिहितात. सुधारलेला खेळाडू पानांचा गठ्ठा लिहितो: राजाची जोडी असेल, राणीची असेल, किंवा माझ्यासारखेच बदाम असतील आणि तो थापा मारत असेल. पुढच्या प्रत्येक बोलीनंतर गठ्ठ्यातली काही पानं गळतात. हे शिकण्याचा उत्तम वेळ म्हणजे आपण पॅक केल्यानंतरचा. चांगला खेळाडू बहुतेक हात सोडतो. सोडल्यावर मोबाइल काढतो तो तिथेच राहतो. बघत बसतो, मनात अंदाज बांधतो आणि पानं उघडल्यावर ताडून पाहतो, त्याला प्रत्येक हात फुकटात शिकायला मिळतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा खेळही असाच, कोणतं पान पडून गेलं हे ध्यानात ठेवण्याचा. दहा अवतारांच्या दहा रंगांची 120 गोल पानं. बघून बघूनच तो हातात बसतो.

सोबतीनं शिकण्याचं उदाहरण म्हणून मारिया कोनिकोवाचं नाव घ्यावंच लागेल. मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेली ही लेखिका पोकर शिकायला निघाली तेव्हा तिला पत्त्यांच्या कॅटमध्ये किती पानं असतात हेही माहीत नव्हतं. एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूला तिनं गुरू केलं. जानेवारी 2018 मध्ये बहामात तिनं एक मोठी स्पर्धा जिंकली आणि 2020 मध्ये त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. गुरूनं तिला तयार उत्तरं दिली नाहीत. तू हे का केलंस, एवढंच तो विचारत राहिला. आमच्या पडवीत हाच नियम आहे: "तू चुकलास" म्हणायचं नाही, "का केलंस" विचारायचं.

आणि आता यंत्र. गणिती जॉन फॉन नॉयमन यानं 1928 पासून खेळांच्या गणिताचा पाया घातला आणि थाप मारणं हा स्वभावाचा नव्हे, गणिताचा भाग आहे हे दाखवलं. पुढे 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठानं दोघांच्या, बोलीवर मर्यादा असलेल्या पोकरची जवळजवळ पूर्ण उकल केली. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामनं चार व्यावसायिक खेळाडूंना 20 दिवसांत 1,20,000 हात खेळून हरवलं. नशिबाचा वाटा कमी करायला तिथे डुप्लिकेट ब्रिजसारखी युक्ती केली होती: एका खेळाडूला जी पानं, तीच दुसऱ्या खोलीत यंत्राला.

ही यंत्रं शिकतात कशी, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ती स्वतःशीच खेळतात आणि प्रत्येक निर्णयापाशी परत येऊन मोजतात: इथे दुसरी चाल केली असती तर किती जास्त मिळालं असतं? या फरकाला संशोधकांनी शब्दच पश्चात्तापाचा वापरला आहे. जी चाल न केल्याचा पश्चात्ताप जास्त, ती पुढे जास्त वेळा खेळायची. लिब्राटस दिवसाचा खेळ संपल्यावर रात्री आपल्यातली भोकं बुजवत असे. ते चार खेळाडूही रात्री एकत्र बसून दिवसाचे हात तपासत. दोन्हीकडे वहीच.

यंत्राची उत्तरं दाखवणारे प्रोग्राम आता सहज मिळतात. ती पाठ करू नयेत. आपलं उत्तर आधी वहीत लिहावं, मग यंत्राचं बघावं, आणि फरक का पडला ते शोधावं.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. 2021 मध्ये कर्नाटकानं ऑनलाइन पैशाच्या खेळांवर आणलेली बंदी 14 फेब्रुवारी 2022 ला उच्च न्यायालयानं रद्द केली. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं देशभरासाठी कायदा करून पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. कायद्यापलीकडचंही एक कारण आहे. शिकणारा माणूस चुका करतो, चुका करण्यासाठीच बसलेला असतो. त्या चुकांची किंमत रुपयांत मोजायला लागली की तो शिकणं सोडतो आणि गेलेलं परत मिळवायला खेळतो. अक्षसूक्तातल्या जुगाऱ्यानं हेच केलं होतं. चिंचोके गेले तर चिंचेखाली आणखी मिळतात.

घरात पोकर शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना रागावण्याआधी शेजारी बसा. शंभर-शंभर चिंचोके मोजून द्या, एक कोरी वही द्या, आणि पहिला हात झाल्यावर एवढंच विचारा: का केलंस?