लहान शहरांचे वित्तीय आरोग्य : सातारा व सांगलीच्या संदर्भात

प्रस्तावना :
७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. परंतु अधिकारांच्या प्रमाणात उत्पन्नाची साधने त्यांच्याकडे आली का, हा प्रश्न आजही शिल्लक आहे. प्रस्तुत लेखात सातारा नगरपरिषद आणि ९ फेब्रुवारी १९९८ रोजी स्थापन झालेली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका यांच्या संदर्भात हा प्रश्न स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उत्पन्नाची बदलती रचना :
जकात हा एके काळी शहरांच्या उत्पन्नाचा कणा होता. राज्यातील नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली व त्याऐवजी शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. महानगरपालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच तोही संपला. महानगरपालिकांना भरपाई देताना २०१६-१७ हे आधारवर्ष व ८ टक्के चक्रवाढ दर धरण्यात आला. या हिशेबाने १०० रुपयांची भरपाई नऊ वर्षांत सुमारे २०० रुपये होते. रक्कम वाढते, हे खरे. मात्र तिच्यावर शहराच्या व्यापारवृद्धीचा वा प्रशासनाच्या कार्यक्षमतेचा काहीही परिणाम होत नाही. स्वतःचा म्हणावा असा मोठा कर म्हणजे मालमत्ता करच उरतो आणि त्याची फेरआकारणी लोकप्रतिनिधींना नेहमीच अप्रिय वाटते.

खर्च व दायित्वे :
वेतन, निवृत्तिवेतन, वीज व पाणीपुरवठा हे खर्च टाळता येत नाहीत. साताऱ्याला कास तलावाचे पाणी उतारावरून येते, तर शहापूर योजनेचे पाणी पंपाने उचलावे लागते. पाणी तेच, पण दुसऱ्या योजनेचे वीजबिल दरमहा भरावे लागते. २००५ मध्ये सुरू झालेल्या लहान व मध्यम शहरांच्या पायाभूत विकास योजनेत केंद्र, राज्य व स्थानिक संस्था यांचा वाटा ८०:१०:१० असा होता. अशा योजनांत बांधकामाचा मोठा भार अनुदान उचलते. देखभालीचा भार मात्र कायमचा शहरावर येतो. सांगलीला २००५ व २०१९ च्या कृष्णेच्या महापुरांनी दाखविल्याप्रमाणे, आपत्तीत एकाच वेळी खर्च वाढतो आणि करवसुली मंदावते. २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ झाली. अशा वेळी नव्या भागाची रस्ते, पाणी व गटारांची मागणी लगेच येते, उत्पन्न मात्र सावकाश येते.

कर्जाचा अर्थ :
कर्ज मुळात वाईट नसते. दीर्घकाळ टिकणाऱ्या मालमत्तेसाठी काढलेले कर्ज पुढील पिढीवर न्याय्य वाटणी करते. दैनंदिन खर्चासाठी काढलेले कर्ज मात्र धोक्याचे होय. शिवाय ठेकेदारांची थकीत देयके, वीजबिलाची थकबाकी व निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी हेही एक प्रकारचे कर्जच आहे. रोख पद्धतीच्या हिशेबात ते दिसत नाही, म्हणून शिलकी अंदाजपत्रक हा वित्तीय आरोग्याचा पुरावा ठरत नाही. द्विनोंदी उपार्जित लेखापद्धतीचे महत्त्व येथेच आहे.

समारोप :
शहराचे आरोग्य तपासताना तीन प्रश्न विचारावेत : एकूण महसुलात स्वउत्पन्नाचा वाटा किती? मागणीच्या तुलनेत मालमत्ता कराची वसुली किती? महसुली उत्पन्नातून महसुली खर्च भागून काही उरते का? पंधराव्या वित्त आयोगानेही अनुदानासाठी लेखे प्रसिद्ध करण्याची अट घातली होती. हे लेखे वाचण्याची सवय आपल्या महाविद्यालयांतील अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी विद्यार्थ्यांना लावल्यास स्थानिक स्वराज्यातील ‘स्व’ला अर्थ प्राप्त होईल.