चित्रकार प्रभाकर बरवे: विषय आणि प्रेरणा

जन्म: 1936, नागाव (अलिबाग). निधन 1995. शिक्षण सर जे. जे. कला महाविद्यालयात. सासवण्याचे शिल्पकार वि. पां. करमरकर नात्यातले.

वाराणसी: 1960 च्या दशकात विणकर सेवा केंद्रातली नोकरी. तंत्रकलेशी (तांत्रिक साधनेतल्या चिन्हांची कला) ओळख तिथेच. आकृत्या, चिन्हे, गडद रंग हे त्या काळातल्या चित्रांतले.

पुढचे विषय: घड्याळ, पान, पीस, फळ, ढग, रिकामे डबे. वस्तू रोजच्याच, पण एकमेकींपासून सुट्या, मोकळ्या अवकाशात मांडलेल्या.

माध्यम: कॅनव्हासवर इनॅमल, म्हणजे दारे-खिडक्यांना लावतात तो तैलरंग. कागदावर जलरंगही.

टिपणवह्या: चित्राची कल्पना आधी वहीत, शब्द आणि रेखाटनांतून.

पुस्तक: ‘कोरा कॅनव्हास’ (1990), मराठीत.

सिंहावलोकनी प्रदर्शन: 2019, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबई.